बर्फातली वेचणी

परवा कूलर माळ्यावरून खाली उतरवला. आमच्याकडे अमरावतीत उन्हाळा पंचांगात लागत नाही, कूलर उतरवल्या दिवशी लागतो. जुनं गवत काढलं, तर त्यातून वर्षभराची धूळ, एक मेलेलं झुरळ आणि माझीच कधीतरी हरवलेली केसांची पिन निघाली. नवं गवत भरलं, टाकीत पाणी सोडलं, बटण दाबलं. आधी पंखा नुसताच घरघरला. मग गवत भिजलं आणि तो ओला, हिरवट, थोडासा गोठ्यासारखा वास घरभर पसरला. हा वास आला की माझ्या डोळ्यांसमोर बर्फ येतो. नवरा हसतो, पण खरंच येतो. निळसर सावल्यांचा पांढरा डोंगर, वर कधी न निवळणारं ढगाळ आभाळ, आणि त्या बर्फात वाकून झाडं वेचणारा एक ठेंगणा माणूस, डोक्याला लाल फेटा बांधलेला. तो माणूस म्हणजे माझे बाबा.

खरे बाबा अकोल्याला असतात, उंच आहेत आणि फेटा त्यांनी स्वतःच्या लग्नातही बांधला नव्हता. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. उभा जन्म खांबांवर चढण्यात गेला. आई गेली त्यानंतर ते घरात एकटे राहिले. मी म्हटलं इकडे या, माझा धाकटा भाऊ नितीन म्हणाला पुण्याला या. बाबांनी दोघांनाही सारखंच उत्तर दिलं, की इथल्या नळाला पाणी कधी येतं हे मला माहीत आहे, तुमच्याकडच्या नळाची सवय कोण लावून घेईल. मग नितीनने दुसरी युक्ती काढली. तो संगणकवाला. दिवाळीत आला तेव्हा त्याने आपला जुना संगणक बाबांच्या खोलीत मांडला आणि त्यांना एका ऑनलाइन खेळात नेऊन उभं केलं.

ज्यांनी असा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. तो एक मोठा मुलूख असतो, त्यात जगभरातले हजारो लोक एकाच वेळी आपापला माणूस घेऊन हिंडत असतात. राक्षस मारायचे, वाडे जिंकायचे, हत्यारं मिळवायची. पण हत्यारं आणि औषधं आकाशातून पडत नाहीत. त्यासाठी झाडपाला वेचावा लागतो, मासे धरावे लागतात, खडक फोडावे लागतात. तेच ते, पुन्हा पुन्हा. झाडापाशी जायचं, वाकायचं, वेचायचं, पुढच्या झाडापाशी जायचं. तरण्या पोरांना या कामाचा भारी कंटाळा. बाबांना मात्र खेळातलं तेवढंच आवडलं. राक्षसांना ते रानडुकरं म्हणत आणि रानडुकरांच्या वाटेला जाण्यात शहाणपण नाही असं त्यांचं मत होतं.

त्या मुलखातल्या सगळ्या इंग्रजी नावांना त्यांनी आपली नावं दिली होती. बर्फाचा डोंगर म्हणजे चिखलदरा. खालची नदी मोर्णा. बर्फात एक झुडूप उगवायचं, त्याला पांढरे गोंडे लागायचे. खेळात त्याचं नाव काहीतरी लांबलचक होतं, बाबा त्याला कापूस म्हणत. त्यांच्या माणसाचं नाव 'लाइनमन'. माझ्या बाईचं नाव मी 'अंबाडी' ठेवलं होतं. नितीनने स्वतःच्या माणसाला ठेवलेलं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. आम्ही तिघं, आणि इकडचे-तिकडचे आणखी काही लोक, अशी आमची एक टोळी होती. सकाळी खेळात आले की बाबा एका बोटाने टाइप करायचे, 'जय भीम मंडळी.' धामणगाव रेल्वेचे एक मास्तर त्यात होते, ते 'राम राम' म्हणायचे. ब्राझीलचा एक मुलगा होता, तोही हळूहळू 'जय भीम' लिहायला शिकला होता. अर्थ न विचारता लिहायचा बिचारा.

मी खेळायला लागले ती खेळाच्या आवडीने नाही. मी एका कॉलेजच्या लेखा विभागात काम करते, दिवसभर पडद्याकडे बघून घरी आल्यावर पुन्हा पडदा कुणाला हवा असतो? पण बाबा फोनवर बोलणारे नव्हेत. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे फोन लावून दिलेला माणूस, स्वतः फोनवर आला की 'हं', 'बरं' आणि 'ठेवतो' यापलीकडे जात नसे. तब्येत विचारली की म्हणायचे, तब्येतीले काय झालं? त्यामुळे मी आपली घरी आल्यावर कुकर लावायचा आणि दोन मिनिटं खेळात डोकवायचं. चिखलदऱ्यावर लाल फेटा हलताना दिसला की बरं वाटायचं. जवळ जाऊन उभी राहायचे. ते झाड वेचत असायचे. मी काही बोलायचे नाही, तेही नाही. शिट्टी झाली की निघून यायचे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. हेरगिरी करते म्हणून चिडले असते.

उभं राहून बघता बघता त्यांचं वेचणं मला पाठ झालं. लोक जवळच्या झाडापासून सुरू करतात. बाबा आधी सगळ्या पट्ट्याला एक फेरी मारायचे, मग लांबच्या टोकापासून सुरू करून घराकडे यायचे. मध्येच थांबायचे. ते पाणी प्यायला उठलेले असणार. आणि प्रत्येक पट्ट्यात एक झाड सोडायचे. अगदी समोर, गोंड्यांनी लगडलेलं असलं तरी. पहिल्यांदा मला वाटलं चुकून राहिलं. मी लिहिलं, बाबा, ते एक राहिलं. बऱ्याच वेळाने एकेक अक्षर उमटलं, 'राहू दे. सरवा हाये.'

सरवा आता शहरातल्या पोरांना माहीत नसेल. पीक काढून झालं की शेतात चुकार कणसं, शेंगा, बोंडं उरतात. ती मालकाने वेचायची नसतात. ज्याला शेत नाही त्याने ती वेचून न्यावी, अशी रीत. बाबांचं गाव तेल्हाऱ्याच्या बाजूचं, आणि आमच्या घराण्यात एक एकर म्हणून जमीन नव्हती. माझी आजी दुसऱ्याच्या शेतातला सरवा वेचून आणायची, बाबा तिच्यामागून फिरायचे. कुणाकुणाचं शेत इतकं कोरडं पुसून काढलेलं असायचं की दोघं रिकाम्या ओंजळीने परत यायची, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, तेही मी ताटात भात टाकला म्हणून रागावताना. आता या वयात, एका खोट्या डोंगरावर का होईना, त्यांना वेचायला शेत मिळालं होतं. खेळात नव्याने आलेल्याला जुने लोक काही उरू देत नाहीत. बाबा उरू देत होते. मला हे इतकं आवडलं की मीही तसंच करायला लागले, पण मला आपलं मधूनमधून आठवायचं, त्यांचं कधी चुकायचं नाही.

खेळात बॉट नावाचा प्रकार असतो. म्हणजे एक प्रोग्राम, तो तुमच्या माणसाला तुमच्याऐवजी चालवतो. तुम्ही झोपा, जेवा, नोकरीला जा, तुमचा माणूस तिकडे तीच वाट तुडवत वेचत राहतो. खेळाच्या नियमात हे बसत नाही, सापडलात तर बाहेर काढतात, तरी लोक करतात. बाबा त्यांना भुतं म्हणायचे. त्यांची एक परीक्षा होती. संशय आला की त्या माणसापुढे जाऊन उभं राहायचं आणि 'जय भीम' लिहायचं. माणूस असला तर काहीतरी करेलच, परत नमस्कार करेल, शिवी देईल, निदान बाजूला होईल. भूत मात्र तसंच पुढच्या झाडाकडे जातं. बाबा म्हणायचे, कामाचा कंटाळा समजू शकतो मी, पण मग खेळायला कशाला आले? नितीन यावर गप्प बसायचा, कारण त्याने कॉलेजात असताना अशी भुतं पुष्कळ बांधली होती.

मला स्वतःला भुतांचा इतका राग नव्हता, खरं सांगायचं तर. रोज पोळ्या लाटणाऱ्या बाईला कुणी एखादं भूत आणून दिलं तर ती काय नाही म्हणेल? उन्हाळ्यात आई गच्चीवर वाळवणं घालायची. सरगुंडे, मुगवड्या, कुरडया. साडीवर एकेक वडी टाकत ती तासन्‌तास उकिडवी बसायची आणि पाठ धरली की मला हाक मारायची. माझ्या वड्या लगेच ओळखू यायच्या, नाकं मुरडल्यासारख्या वाकड्या. आईच्या सगळ्या एका मापाच्या, फक्त प्रत्येक ओळीत शेवटची जरा मोठी. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. एकच काम हजारदा केलं की माणूस त्यात मुरतो, लोणच्यात मीठ मुरावं तसा. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. कळलं ते त्या उन्हाळ्यात.

तो उन्हाळा फार कडक होता. अकोल्याचा उन्हाळा तसाही नावाजलेला, पण त्या वर्षी सकाळचं ऊनच भाजून काढायचं. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं. दुपट्ट्यात डोळ्यांपुरती फट ठेवून बायका गाड्या हाकायच्या. आई गेल्यानंतरचा हा दुसरा उन्हाळा. तिच्या आजारपणात मी अमरावती-अकोला इतक्या खेपा केल्या होत्या की बसचे कंडक्टर ओळखायला लागले होते, आणि शेवटी मीच चक्कर येऊन बडनेऱ्याच्या स्टँडवर बसले होते. ते बाबांच्या मनात राहून गेलं होतं. ते बोलले नव्हते कधी.

रविवार होता. नवरा आणि मुलगी धामणगावला एका लग्नाला गेलेली. मी सकाळी बाबांना फोन केला, उचलला नाही. यात विशेष काही नव्हतं, फोन ते टीव्हीच्या मागे ठेवून विसरतात. मी खेळात गेले. लाल फेटा चिखलदऱ्यावर हजर. हुश्श केलं आणि लिहिलं, बाबा, नाश्ता झाला का? लगेच उत्तर आलं, 'व्हय.' कूलरमध्ये पाणी भरलं का? 'व्हय.' बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी सकाळची सगळी कामं गाणं म्हणत उरकली. पन्हं केलं, चादरी धुतल्या, त्या दोरीवर टाकेपर्यंत वाळल्या.

भाजी फोडणीला टाकून पुन्हा डोकावले. बाबा वेचत होते. मी नेहमीसारखी शेजारी जाऊन उभी राहिले आणि बघत बसले. काहीतरी खुपत होतं, पण काय ते कळेना. ते पट्ट्याच्या जवळच्या टोकापासून सुरू करत होते. असेल, म्हटलं, माणूस बदलतो. पाणी प्यायला थांबत नव्हते. मग ते शेवटच्या झाडापाशी आले, वाकले आणि ते झाडही वेचलं. पट्टा कोरा झाला. नुसता बर्फ उरला.

मी पुढच्या पट्ट्यापर्यंत त्यांच्या मागे गेले. तोही कोरा. त्याच्या पुढचा माझ्या डोळ्यांदेखत कोरा झाला. मी लिहिलं, बाबा, सरवा? 'व्हय.' मी लिहिलं, तुम्ही कोण आहात? 'व्हय.' आणि फेटेवाला माणूस माझ्या अंगावरून गेल्यासारखा पुढच्या झाडाकडे निघून गेला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की माझे वडील विचारलेल्या प्रश्नाला कधी सरळ 'हो' म्हणत नाहीत. जेवलात का विचारलं तर, तू जेवली का, असं उलट विचारतात. सकाळपासून मी एका भुताशी गप्पा मारत होते. आणि हे भूत कधीपासून तिथे होतं, मला माहीत नव्हतं. काल संध्याकाळीही मी शेजारी उभी राहून शिट्टी झाल्यावर निघून आले होते. परवा? बंद घरात, त्या उन्हात, संगणकापुढे खुर्चीत बसलेला माणूस, आणि पडद्यावर त्याचा हलता फेटा. हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आलं ते जाईना.

नितीनला फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. बाबांच्या शेजारी ढोरेकाका राहतात. तेल्हाऱ्याकडे त्यांची काळ्या मातीची चांगली जमीन, मुलांच्या शिक्षणासाठी अकोल्यात घर बांधलं आणि तिथलेच झाले. त्यांना लावला. उचलला त्यांनी, पण माझा आवाज ऐकून खोकायलाच लागले. बाबा झोपले असतील म्हणाले. मग म्हणाले बाजारात गेले असतील. मग 'पाहतो मी' म्हणून फोन ठेवून दिला. ढोरेकाकांना खोटं बोलता येत नाही, ही गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. मी गॅस बंद केला, भाजी तशीच कढईत ठेवली आणि दुपट्टा बांधून स्टँड गाठला.

तो प्रवास मी विसरायचा प्रयत्न केला आहे, पण भर उन्हाळ्यात बसमध्ये बसले की तो परत येतो. खिडकीच्या लोखंडी दांडीला हात लावला की चटका. काच लावली तर गुदमरायला होतं, उघडली तर भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ. दोन्हीकडे शेवटचा कापूस वेचून उलंगवाडी झालेली शेतं, नांगरून ठेवलेली काळी ढेकळं. मूर्तिजापूरला एका बाईने मला कांदा दिला, हातात धर म्हणाली, तुझा चेहरा बरा दिसत नाही. मी तो धरून बसले. मनात एकच चाललं होतं. लाल फेटा हलतो म्हणजे बाबा ठीक आहेत, हे मला कुणी सांगितलं होतं? मीच ठरवलं होतं. जिवंत माणसाची खूण म्हणून मी अशी गोष्ट धरून ठेवली होती, जी माणसाशिवायही हलू शकते. आणि तरी मी देवाचं नाव घेण्याऐवजी फोनवर पुन्हापुन्हा बाबांचाच नंबर लावत होते. आमच्या घरात देव नाहीत, आणि त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की असते तर निदान त्यांना दोन शिव्या देता आल्या असत्या.

घराला बाहेरून कुलूप होतं. मी ते दोनदा ओढून पाहिलं, आणि मग त्याच कुलपाने जरा धीर दिला. आत पडलेला माणूस बाहेरून कुलूप लावत नाही. खिडकीच्या फटीतून बघितलं. खोली अंधारी, कूलर बंद, खुर्ची रिकामी. पडद्यावर मात्र बर्फ चमकत होता आणि फेटेवाला वाकत होता, उठत होता, वाकत होता. मी खिडकीचे गज धरून तिथेच उभी होते तेव्हा ढोरेकाका बाहेर आले. त्यांनी आधी मला हाताला धरून सावलीत नेलं. मग तांब्या दिला. मग म्हणाले, "घाबरू नोको. हर्नियाचं आपरेशन झालं काल. दवाखान्यात हाये, एकदम चांगला हाये. नितीन हाये सोबत. तुह्या बापानं मले शपथ घातली होती, म्हनून बोललो नाई."

मी तांब्या खाली ठेवला आणि ओट्यावर बसून रडले. दुःखाचं ते नव्हतंच. घरून निघाल्यापासून गच्च आवळून धरलेलं काहीतरी सुटलं. काकू आतून धावत आल्या, त्यांना वाटलं काही बरंवाईट झालं. मला त्यांना सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली. त्यात भूत, कापूस आणि बर्फ आल्यावर काकू म्हणाल्या, पोरीले ऊन लागलं दिसते.

काकांच्या गाडीवर मागे बसून दवाखान्यात गेले. बाबा खाटेवर उशाला टेकून बसले होते आणि पातळ खिचडीवरून सिस्टरशी वाद घालत होते. तिखट का नाही, असा त्यांचा प्रश्न होता. मला दारात पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा पडला की शाळा बुडवून नदीवर सापडलेला पोरगाच. नितीन खाली सतरंजीवर झोपलेला, फोन उशाखाली. मी आधी त्याला उठवलं आणि जे काय बोलायचं ते सगळं त्यालाच बोलून घेतलं, बाबांना टाके होते म्हणून.

हळूहळू सगळं बाहेर आलं. ऑपरेशन ठरलेलं होतं, मोठं नव्हतं. मला कळवलं तर मी या उन्हात पुन्हा खेपा घालणार, पुन्हा कुठल्यातरी स्टँडवर चक्कर येऊन बसणार, म्हणून बाबांनी ठरवलं की घरी येईपर्यंत सांगायचंच नाही. पण मी रोज खेळात डोकावते. तिथे ते दिसले नाहीत तर पहिल्याच दिवशी सगळं फुटणार. म्हणून ज्या माणसाने इतके दिवस भुतांना नावं ठेवली त्यानेच नितीनला सांगितलं की माझ्या जागी एक भूत बसव. नितीनने मन लावून काम केलं होतं. बाबांची वाट नोंदवून घेतली, ती सरळ केली, वायफळ फेरी काढून टाकली, कुणी काही विचारलं तर 'व्हय' म्हणायचं तेही शिकवलं. आणि ते सोडलेलं झाड?

"ते?" नितीन डोळे चोळत म्हणाला. "मला वाटलं बाबांना दिसत नाही ते. नजर कमी झालीय ना आता. म्हणून मी दुरुस्त करून टाकलं."

बाबा हसले. हसताना टाके दुखले म्हणून पोट धरलं, आणि तरी हसतच राहिले. मीही हसले. ज्या सोडलेल्या झाडापायी मी जिवाच्या भीतीने इथवर धावत आले, ते माझ्या भावाला चष्म्याच्या नंबराची भानगड वाटलं होतं. मला त्याचा राग येईना. त्याने पट्टा कोरा केला नसता तर मला कळलं नसतं हे खरं, आणि मी घरी गाणं म्हणत बसले असते हेही खरं. पण त्या घडीला मी इतकी सुटल्यासारखी झाले होते की कुणावर रागवायला त्राणच नव्हतं. खिडकीत वाळ्याचा पडदा भिजवून टांगला होता, त्यातून गार वारा येत होता, आणि माझे वडील समोर हसत होते. मला दुसरं काही नको होतं.

संध्याकाळी नितीन चहा आणायला गेला तेव्हा मी बाबांना विचारलं, मी रोज खेळात डोकावते हे तुम्हाला कसं माहीत? मी तर कधी बोलले नाही.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी गणित चुकल्यावर पाहायचे. "तू घरी आली का पह्यले माह्यापाशी येऊन उभी राह्यतं," ते म्हणाले. "बोलत नाई, चालत नाई. दोन मिन्टं उभी राह्यतं अन् जातं. मले काय दिसत नाई? मी त्याच टायमाले बसतो ना मंग तथी. नाई त एवढ्या उकाड्यात कोन बसते त्या डब्ब्यापुढे?"

म्हणजे मी त्यांना बघायला जायचे आणि ते मला दिसावं म्हणून येऊन बसायचे. दोघांनीही एकमेकांना कळू दिलं नव्हतं. आमच्या वऱ्हाडात शिव्या मोकळेपणी देतात, माया मात्र चोरून करतात.

पुढे महिन्याभरात खेळाच्या कंपनीचं पत्र आलं. 'लाइनमन' बॉट चालवताना सापडला, सबब त्याला कायमचं काढून टाकण्यात आलं आहे. नितीन चिडला, म्हणाला मी अर्ज करतो, दवाखान्याचे कागद जोडतो. बाबांनी नको म्हटलं. नियम होता, मोडला, संपलं. मला धास्ती होती की त्यांचा दिवस रिकामा पडेल. नवा माणूस करून देते म्हटलं, तर म्हणाले, झालं तेवढं वेचणं पुष्कळ झालं. टोळीतल्या मास्तरांनी हळहळ व्यक्त केली. ब्राझीलच्या मुलाने चिखलदऱ्यावर जाऊन एकट्यानेच 'जय भीम' लिहिलं, असं नितीन सांगत होता. मी त्यानंतर खेळ उघडला नाही. मला तिथे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

खेळ सुटला आणि मग बाबा फोन करायला लागले. रोज सकाळी, मी डबे भरत असताना. पहिले काही दिवस तर त्यांना पुढे काय बोलायचं तेच सुचायचं नाही. "हाय मी," म्हणायचे. मी म्हणायचे, बरं. मग ठेवायचे. हळूहळू त्यात नळाचं पाणी आलं, ढोरेकाकांच्या शेतातली रानडुकरं आली, भाव आले, गुडघा आला. एकदा आईचंही निघालं, ती वाळवणाच्या ओळीत शेवटची वडी मोठी का टाकायची यावरून आमचा चांगला वाद झाला. नवरा म्हणतो, तुमचं बोलणं ऐकून वाटतं दोघं भांडताहेत. मी त्याला सांगते की भांडतोच आहोत. दहा वेळा तब्येत विचारून जे कळलं नसतं ते बाबांच्या आवाजाच्या चढावरून कळतं. आवाज चढा असला की मी निर्धास्त.

या वर्षी ऊन पुन्हा तसंच आहे. काल सकाळी डबे भरून झाले, मुलगी शिकवणीला गेली, नवरा गेला, आणि फोन आला नव्हता. मी ओट्यापाशी उभी राहिले. कूलर चालू होता, गवताचा तो वास येत होता, आणि डोळ्यांसमोर पुन्हा तो कोरा बर्फ आला. मग मीच लावला. पुरती एक रिंगही वाजली नाही तोवर बाबांनी उचलला, म्हणजे फोन हातातच होता. मी विचारलं, आज फोन का नाही केला? ते म्हणाले, रोज मीच करतो, आज पाहत होतो तू करतं का. मला हसू येत होतं आणि रडूही. मी म्हटलं, आणि मी केलाच नसता तर?

"त मंग म्या केला असता," बाबा म्हणाले. "एवढं काय त्यात."